उन्हामुळे चेहऱ्यात बदल

आमच्या शाळेत असामान्य बुद्धीची मुलं किती आहेत, हे आम्हाला एका गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता पत्राने कळलं. दहा होती. ती कोणकोण, हे पाच वाजायच्या आत आम्ही उलट टपाली कळवायचं होतं.

शाळा शिरूर कासारच्या जवळच्या एका गावातली. गावाचं नाव सांगत नाही, कारण माझी नोकरी अजून शिल्लक आहे. मी तिथे आठवी ते दहावीला गणित शिकवते. माहेर अंबाजोगाईचं, वडील कचेरीत कारकून. आमचं घर बौद्ध. घरात देवघर नव्हतं, अभ्यासाची जागा होती, आणि तिथे चप्पल घालून गेलं तर पाठीत धपाटा मिळायचा. त्यामुळे शिकण्याच्या बाबतीत कुणी थट्टा केली की माझं डोकं फिरतं. आणि सरकारने तर त्या वर्षी थट्टेची योजनाच काढली होती.

योजना अशी. हुशार मुलांसाठी दर शनिवारी दुपारी ‘समृद्धी वर्ग’. नोव्हेंबर ते मार्च. दर आठवड्याला कोडी आणि प्रश्न येणार, उत्तरं पोर्टलवर भरायची. शेवटी प्रत्येक तालुक्यातून एक मूल निवडून त्याला मे महिन्यात तीन आठवडे पुण्याच्या एका मोठ्या विज्ञान संस्थेत नेणार. राहणं, जेवण, प्रयोगशाळा, दुर्बीण, सगळं तिथे. ते पत्र वाचून मला एक क्षण खरंच आनंद झाला होता, हे कबूल करते.

मुख्याध्यापक निवृत्तीला टेकलेले. त्यांनी यादी करायला घेतली ती त्यांच्या पद्धतीने. अक्षर चांगलं असलेले तीन, गणवेश इस्त्रीचा असलेले दोन, सरपंचांचा पुतण्या, ग्रामपंचायतीच्या शिपायाची मुलगी. मी मध्ये पडून चार नावं बदलली. त्यातलं एक नाव लिहिताना मात्र कुणाला विचारावं लागलं नाही.

ही मुलगी नववीत होती. मी फळ्यावर समीकरण मांडत असताना ती खिडकीबाहेर बघायची, आणि माझा खडू तिसऱ्या ओळीवर असताना उत्तर सांगून पुन्हा बाहेर बघायला लागायची. पुस्तकाच्या मागची दोन उत्तरं चुकलेली आहेत, हे मला तिने दाखवलं. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. उसाने भरलेल्या गाडीची मागची बाजू बघून, मोळ्यांची टोकं मोजून, आत एकूण किती मोळ्या असतील ते ती सांगायची, आणि वडील म्हणायचे की ते बरोबर निघतं. मी बारा वर्षं शिकवतेय. असं मूल मला एकदाच भेटलं.

आता ज्यांनी हे वेळापत्रक आखलं, त्यांना नोव्हेंबर ते मार्च म्हणजे छान हवा, मुलं ताजीतवानी, असं वाटलं असणार. आमच्याकडे त्या महिन्यांत अर्धा वर्ग दुसऱ्याच्या उसात असतो. दसरा झाला की गाड्या भरतात आणि उन्हाळा लागला की परततात. ऑगस्टात निवडलेल्या दहा बुद्धिमंतांपैकी चार जण दिवाळीच्या आधीच कोल्हापूरकडे रवाना झाले. त्यात ती पण.

मी तिच्या घरी गेले होते. पोरीला आजीजवळ ठेवा, मी लक्ष देते, असं सांगितलं. तिच्या आईने मला चहा दिला आणि आठ महिन्यांचं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, आम्ही दोघं फडात शिरल्यावर याला कोण धरणार, ते सांगा. बाळाने माझी ओढणी तोंडात घातली. तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

पहिल्या शनिवारी खरी गंमत झाली. पोर्टलवर आता प्रत्येक मुलाचा ‘सजीव फोटो’ काढायचा होता. म्हणजे मुलाने फोनसमोर उभं राहायचं, फोन सांगेल तेव्हा डोळे मिटायचे, सांगेल तेव्हा उघडायचे, मग तो चेहरा त्या नावाला कायमचा चिकटणार. दर शनिवारी दहाच्या दहा चेहरे दिसले नाहीत तर वर्ग आपोआप बंद, आणि शिबिरासाठी त्या शाळेचा विचार नाही. आमच्याकडे सहा चेहरे होते.

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला, पटांगणात गेले आणि उंची बघून चार मुलं उचलून आणली. उंची का, हे मी विचारलं नाही. बहुधा त्यांच्या डोक्यात संचलन असावं.

मोळ्या मोजणाऱ्या मुलीच्या जागी आली ती फळवाल्याची मुलगी. नववीतच, पण ब तुकडीत. तिच्या अब्बांचा गाडा फाट्यावर असतो. सीताफळाच्या दिवसांत सीताफळ, मग मोसंबी, केळी. ही पोरगी शनिवारी दुपारी अब्बांचा डबा घेऊन जाताना शाळेच्या कट्ट्यावर जरा टेकायची, म्हणून सापडली. मी तिला म्हटलं, इथे उभी राहा, डोळे मिट, उघड. तिने मिटले, उघडले. फोनवर हिरवी पट्टी आली: ‘विद्यार्थी ओळखला.’ खाली नाव त्या दुसरीचं, जी त्या वेळी तीनशे किलोमीटरवर भावाला झोळीत हलवत असणार. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं.

पण मी हाडाची मास्तरीण. चेहरा खोटा असला तरी उत्तरं खोटी भरणार नाही, असं मी ठरवलं. शुक्रवारी प्रश्न आले की मी ते टोळीच्या मुकादमाच्या फोनवर पाठवायचे. टोळीला नेणारा-आणणारा तोच, आणि चार्जिंग असलेला फोनही त्याचाच. तो ते प्रश्न पोरीला दाखवणार, ती उत्तर सांगणार, तो आवाज रेकॉर्ड करून मला पाठवणार, आणि मी ते तिच्या नावावर भरणार. इतकं सरळ होतं.

पहिला प्रश्न होता लाडवांचा. नऊ लाडू दिसायला सारखे, त्यातला एक वजनाने हलका. तराजू फक्त दोनदा वापरायचा आणि हलका लाडू शोधायचा. शनिवारी सकाळी उत्तर आलं ते मुकादमाच्याच आवाजात.

“मॅडम, आमी समदे बसून इचार केला. आमचं मत असं हाय का काटाच खोटा असंल. आमच्याकडं काट्यावर चढलं का समदंच हलकं भरतंय.”

मागे बायका हसत होत्या, कुणीतरी म्हणत होतं की लाडू फोडून बघा, उसाची पानं सळसळत होती, बाळ रडत होतं. त्या सगळ्या गदारोळातून तिचा आवाज आला. तीन-तीन-तीन ढीग करा, दोन ढीग तराजूत टाका, समान भरले तर हलका लाडू तिसऱ्यात. मग त्या तिघांतले दोन टाका. तिला हे सांगायला जेमतेम अर्धा मिनिट लागलं. मुकादमाने मात्र पुढे तीन मिनिटं, हे त्याला कसं आधी सुचत होतं पण बोलून दाखवलं नाही, ते सांगितलं.

जानेवारीपर्यंत अख्खी टोळी वर्गात भरती झाली. एखादा शुक्रवार चुकला तर मुकादमाचा फोन यायचा, या आठवड्याचं कोडं कावून आलं न्हाई. नदी, नाव, लांडगा, शेळी आणि पाल्याचं कोडं त्यांनी चार दिवस चालवलं. शेळीवाल्या माणसाने आधी लांडगा पाळलाच का, यावर तिथे दोन गट पडले म्हणे. ती दर वेळी शेवटी बोलायची आणि दर वेळी बरोबर असायची. पोर्टलवर तिच्या नावापुढे पूर्ण गुण साठत गेले. गुण खरे, फोटो खोटा. निम्मा प्रामाणिकपणा साधल्याबद्दल मी स्वतःवर खूश होते.

इकडे वर्गात फळवाल्याची मुलगी दर शनिवारी यायची, डोळे मिटायची, उघडायची आणि मागच्या बाकावर बसायची. फोटो झाला की जा, असं मी तिला सांगितलं होतं. पण ती बसून राहायची. मी हरकत घेतली नाही, कारण पोर्टल मधूनच पुन्हा चेहरे मागायचं.

फेब्रुवारीत तज्ज्ञ मार्गदर्शक आले. विषय होता स्वतंत्र विचार. गृहस्थ गळ्यात माइक अडकवून आले होते, समोर दहा मुलं असताना. त्यांनी मुलांना उभं केलं आणि एका सुरात म्हणायला लावलं: आम्ही इतरांसारखे नाही. आवाज कमी पडला म्हणून पुन्हा. एक मुलगा ओठ हलवत नव्हता, त्याला पुढे बोलावून एकट्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मी भिंतीला टेकून दात आवळून उभी होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर आला.

“सर, समद्या शाळांत असंच म्हणवून घेतेत का?”

ते म्हणाले, हो, सगळ्या जिल्ह्यात.

“मंग आपुन त्यायच्यासारखेच झालो की.”

मार्गदर्शक थांबले. माइकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. मग त्यांना फार आनंद झाला, त्यांनी टाळ्या वाजवल्या, आम्हाला वाजवायला लावल्या, आणि तिचं नाव विचारलं. पोरीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने ते दुसरीचं नाव सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

ते गेल्यावर मी तिला बाजूला घेतलं. माझी भीतीने गाळण उडाली होती. उद्या तेच परत आले आणि हिलाच ओळखून बसले तर? मी तिला म्हटलं, “तू फक्त फोटोला आहेस. वर्गात प्रश्न विचारायचे नाहीत.” ती ‘जी मॅडम’ म्हणाली आणि डबा उचलून गेली. पुढच्या शनिवारी पण आली. प्रश्न मात्र विचारला नाही.

मार्चअखेर कारखान्यांचा हंगाम संपला, पट्टा पडला आणि गाड्या परतल्या. त्याच आठवड्यात पत्र आलं. शिबिरासाठी तालुक्यातून आमची मुलगी निवडली गेली होती. कारणं दोन दिली होती: लेखी उत्तरांत पूर्ण गुण, आणि मार्गदर्शकांचा शेरा, ‘स्वतंत्र विचार करणारी विद्यार्थिनी’. मी ते पत्र दोनदा वाचलं. म्हणजे गुण एकीचे आणि शेरा दुसरीचा. ज्या मुलीला त्यांनी निवडलं होतं ती कागदावर दोघींची मिळून झाली होती, आणि तिला मी जन्म दिला होता.

मी पत्र घेऊन तिच्या घरी गेले. उन्हाने पोरगी रापून काळवंडली होती, बोटांवर पात्याने कापल्याच्या रेघा होत्या. पुण्याला दुर्बीण असते का, रात्री बघू देतात का, एवढंच तिने विचारलं. बाळ आता उभं राहत होतं. तिची आई म्हणाली, “न्या की. आता कारखाना बंद हाय.”

पडताळणी बीडला होती, एप्रिलच्या उन्हात, पत्र्याच्या सभागृहात. अकरा तालुके, अकरा मुलं, प्रत्येकाबरोबर एक शिक्षक. पंख्याखाली एक वयस्क अधिकारी आणि लॅपटॉप घेऊन बसलेला एक लिपिक. अधिकाऱ्यांनी नावं पुकारायला सुरुवात केली. पहिल्या नावाला कुणी उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारल्यावर एका शिक्षकाने पुढच्या मुलाच्या पाठीत बोट खुपसलं, तेव्हा तो दचकून उठला. दुसऱ्या नावाला दोन मुलं उठली. तिसऱ्या नावाची मुलगी आपल्या सरांकडे बघून म्हणाली, मी का?

अधिकाऱ्यांनी यादी टेबलावर ठेवली. चष्मा काढला. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, “ज्यायचं नाव सोताचं हाय, ते खिडकीकडं बसा. बाकीचे भिंतीकडं.”

खिडकीकडे चार मुलं गेली. भिंतीकडे सहा. माझी मुलगी मधेच उभी राहिली.

“सर, नाव माजंच हाय,” ती म्हणाली. “फोटू दुसरीचा हाय. मी कुटं बसू?”

सभागृहात कुणी हसलं नाही, कारण हसायला मोकळं कुणीच नव्हतं. लिपिकाने लॅपटॉप तिच्याकडे वळवला, तिने डोळे मिटले, उघडले. लाल पट्टी आली. ओळख पटत नाही. नियम स्पष्ट होता: ज्याचा चेहरा, त्याचा प्रवेश. अधिकारी मला म्हणाले, संध्याकाळपर्यंत फोटोतली पोरगी आणा, नाहीतर जागा जाते. भिंतीकडचे दोन-तीन शिक्षक फोन लावायला बाहेर पळाले.

मीही फोन काढला होता. खोटं कशाला बोलू. फाट्यावर फोन केला असता तर ती दीड तासात आली असती, डोळे मिचकावले असते आणि दुसरीच्या नावाने पुण्याला गेली असती. शाळेचं नाव राहिलं असतं, माझं पण. समोर ही उभी होती, बोटं मागे लपवून. पाच महिने उसातून जी उत्तरं पाठवत होती, तिला आता मी सांगायचं होतं की तू तू नाहीस.

मी कागद मागितला आणि लिहून दिलं. फोटो मी काढला, मुलगी दुसरी होती हे मला माहीत होतं, उत्तरं हिची आहेत, चूक माझी आहे, शिक्षा मला करावी. खाली सही केली.

अधिकाऱ्यांनी ते सावकाश वाचलं. मग तिला जवळ बोलावून लाडवांचं कोडं घातलं. तिने टेबलावरच्या नऊ टाचण्या घेऊन दाखवलं. त्यांना कळलं नाही. तिने पुन्हा दाखवलं. लिपिक म्हणाला, मला कळलं. मग त्यांनी मार्गदर्शकांचा शेरा काढला.

“हे भारी इचारलतंस म्हणं तू. काय इचारलतं?”

मी आधीच तिला हे सांगायला हवं होतं. घाईत राहून गेलं होतं. ती माझ्याकडे वळली नाही. म्हणाली, “मला ठावं न्हाई सर. मी उसात होते. फोटूतलीनं इचारलं असंल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग माझा कबुलीजबाब घडी करून मला परत दिला. म्हणाले, “मॅडम, तुमचा घेतला तर भितीकडच्या समद्यांचा घ्यावा लागंल. मंग या जिल्ह्यात हुशार पोरगं कागदावर पण उरायचं न्हाई.” पेन उघडून त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, आणि लिपिकाला मोठ्याने वाचून दाखवलं:

‘विद्यार्थिनी हंगामभर उन्हात असल्याने चेहऱ्यात बदल. प्रवेश द्यावा.’

मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. मी रडत होते की हसत होते, ते मला आजही सांगता येणार नाही. तो कबुलीजबाब अजून माझ्या पर्समध्ये आहे.

पुढचं सगळं सुरळीत झालं, म्हणजे सरकारी अर्थाने. फोटो बदलायची सोयच पोर्टलवर नसल्यामुळे पुण्याहून तिचं ओळखपत्र आलं ते फळवाल्याच्या मुलीच्या फोटोचं. नाव हिचं, तोंड तिचं. ते गळ्यात घालून ती तीन आठवडे त्या संस्थेत हिंडली. फाटकावरचा पहारेकरी पहिल्या दिवशी कार्डाकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. तिने सांगितलं, ऊन लागलंय.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी दहावीच्या वर्गात हजेरीपुस्तक आखत बसले होते. बाहेर कट्ट्यावर फळवाल्याची मुलगी डबा घेऊन टेकली होती. पुण्याला जाऊन आलेली ही तिच्याजवळ गेली आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून तिला दिलं. म्हणाली, तुजं हाय, ठेव.

तिने ते हातात धरून बघितलं. स्वतःचा फोटो, त्यावर संस्थेचा गोल शिक्का. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं ती हसेल.

“मंग,” तिने विचारलं, “म्या पुण्यात काय काय पायलं?”

ती थट्टा करत नव्हती. माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. पाच महिने ही पोरगी माझ्या वर्गात बसली होती. दर शनिवारी मी तिला बघत होते, दहा चेहऱ्यांत तिचा धरून मोजत होते. त्या वर्गातला एकमेव खरा प्रश्न तिने विचारला होता. आणि लाडवांचं कोडं तुला येतं का, एवढं साधं मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

ही तिच्या शेजारी बसली. दोघींच्या मध्ये डबा होता, तो तिने उचलून पलीकडे ठेवला.

“पयल्या दिशी,” हिने सांगायला सुरुवात केली, “तू लई घाबरलतीस.”